सोसायटीत जुलाब आणि कावीळ एकदमच. टाकी धुतली की भागेल का?

सेक्रेटरी_७६

पुण्यात धायरी फाट्याच्या पुढे सोसायटी. ए विंगमध्ये ४० फ्लॅट, बी विंगमध्ये ३६. तळटाकी दोघांत एकच, आतून ६ मीटर बाय ४ मीटर, पाण्याची उंची जास्तीत जास्त अडीच मीटर. तिथून दोन पंप आणि गच्चीवर प्रत्येक विंगला दहा हजार लिटरची टाकी. महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, कमी पडलं की टँकर. बोअर आहे, ते फक्त फ्लशसाठी.

गेल्या सहा दिवसांत १४ जणांना जुलाब-उलट्या झाल्या आहेत. त्याआधीच्या तीन आठवड्यांत पाच जणांना कावीळ. रविवारी टाकी धुणारे येणार आहेत, ‘केमिकल मारून देतो’ म्हणाले. केमिकल कुठलं ते सांगत नाहीत.

प्रश्न असे. टाकी धुतली की हे थांबेल का? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचं? जवळजवळ प्रत्येक घरात आरओ आहे, मग आजार आला कुठून? शिवाय जानेवारी २०२५ नंतर आमच्या भागात कुणाचं पोट बिघडलं तरी लोक जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) म्हणून घाबरतात, त्यांना काय सांगू?

साथशोध

टाकी रविवारी धुवाच, पण त्याआधी नमुना आणि नोंदी घ्या. आधी धुतली तर पुरावा गटारात जाईल आणि पंधरा दिवसांनी तुम्ही परत इथेच प्रश्न विचारत असाल.

आज रात्रीच एक यादी करा. प्रत्येक रुग्णामागे एक ओळ: विंग, मजला, वय, त्रास सुरू झाल्याची तारीख (डॉक्टरांकडे गेल्याची नव्हे), लक्षणं, आधीच्या आठवड्यात सोसायटीबाहेर कुठे खाल्लं, पिण्याचं पाणी आरओचं की उकळलेलं की थेट नळाचं, आणि तपासणी झाली असल्यास निकाल. गरोदर बाई असेल तर वेगळी खूण. नुसते आजारी मोजू नका. दोन्ही विंगमध्ये एकूण माणसं किती राहतात तेही लिहा, नाहीतर ‘ए विंगमध्ये जास्त’ या वाक्याला अर्थ उरत नाही. ही यादी सोसायटीच्या ग्रुपवर नावानिशी टाकायची नाही. एकदा नावं फिरली की पुढचे रुग्ण आजार लपवतात आणि यादी कुचकामी होते.

आता तारखांकडे बघा, कारण तुमच्याकडे दोन वेगवेगळी घड्याळं चालू आहेत. जुलाबाचं घड्याळ छोटं. नोरोव्हायरस १२ ते ४८ तासांत, कॅम्पिलोबॅक्टर साधारण २ ते ५ दिवसांत, कॉलरा काही तासांपासून ५ दिवसांत. म्हणजे आजचे जुलाब याच आठवड्यातल्या पाण्याचे किंवा अन्नाचे. काविळीचं घड्याळ लांबलचक. हिपॅटायटिस ए १५ ते ५० दिवस, हिपॅटायटिस ई १५ ते ६० दिवस. ज्याचे डोळे आज पिवळे झाले, त्याने ते पाणी बहुधा महिन्याभरापूर्वी प्यायलंय. तेव्हा कुठलं पाणी टाकीत येत होतं, कुठलं प्लंबिंग झालं, हे आठवा.

यातून निघणारी दुसरी गोष्ट लोकांना आधीच सांगून ठेवा. आज सगळं निर्दोष केलंत तरी पुढचे दीड-दोन महिने काविळीचे तुरळक रुग्ण निघू शकतात. ते आधीच्याच पाण्याचे असतील. जुलाब मात्र आठवड्याभरात ओसरायला हवेत. ते ओसरले नाहीत, तर मूळ सापडलेलं नाही असं समजा.

एकाच ठिकाणी जुलाब आणि कावीळ दोन्ही दिसले की पिण्याच्या पाण्यात मैला मिसळतोय हा पहिला संशय. फक्त जुलाब असते तर सत्यनारायणाच्या जेवणावरही संशय घेतला असता. तेव्हा महापालिकेच्या आरोग्य विभागाला क्षेत्रीय कार्यालयामार्फत आजच कळवा. ‘सोसायटीचं नाव खराब होईल’ म्हणून थांबणारे दोघंतिघं असतातच, त्यांचं ऐकू नका.

जीबीएसबद्दल. २०२५ च्या साथीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातले रुग्ण जास्त होते आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला होता. हा जंतू दूषित पाण्यातून येतो, तसाच कच्च्या राहिलेल्या चिकनमधूनही. जुलाब झालेल्यांपैकी अगदी थोड्यांना पुढे जीबीएस होतो. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांत मुंग्या, जिना चढताना पाय लटपटणं, आणि ही अशक्तता वर सरकत जाणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. बाकीच्यांना ओआरएस.

शनिपारकर

एवढा व्याप कशाला? हजार लिटरला ५० ग्रॅम टीसीएल टाका, तासाभराने नळ सोडा. गावाकडे विहिरीत टोपलीभर टाकतात, काही होत नाही कुणाला.

निवळी

शनिपारकर, हिशेब करून बघा. बाजारातली पावडर २५ टक्के धरली तर ५० ग्रॅममध्ये साडेबारा ग्रॅम क्लोरीन. हजार लिटरला म्हणजे लिटरला साडेबारा मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि अर्धा-एक मिलिग्रॅम पुरतो. असं पाणी तोंडात धरवत नाही. मग लोक क्लोरीनलाच नाक मुरडतात आणि ‘वास न येणारं’ बोअरचं पाणी पितात. गावची विहीर लाखभर लिटरची असते, टोपलीचा हिशेब तिथेच चालतो.

सेक्रेटरी, हे पाठ करा: १००० लिटरमध्ये लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन हवा असेल तर २५ टक्क्यांची टीसीएल ४ ग्रॅम. तुमची टाकी ६ × ४ × २.५ म्हणजे भरल्यावर ६० घनमीटर, ६०,००० लिटर. सध्याच्या परिस्थितीत सुरुवातीला लिटरला २ मिलिग्रॅम द्या, म्हणजे भरलेल्या टाकीला ४८० ग्रॅम. टाकीत पाणी मीटरभरच असेल तर २४ घनमीटर, १९२ ग्रॅम. टाकीची क्षमता वाचून पावडर टाकायची नाही. काठी बुडवून पाण्याची उंची मोजायची. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

२५ टक्के हे गृहीत आहे. ताज्या पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण ऊन, दमट हवा आणि उघडं पोतं यांत तो उडून जातो. पंपघरात दोन पावसाळे काढलेली पावडर म्हणजे नुसता चुना. पोत्यावरची उत्पादनाची तारीख बघा, पाच किलोच्या वर एकदम आणू नका, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. पत्र्याचा डबा सडतो.

पावडर थेट टाकीत कधीच नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी लापशीसारखी कालवा, गुठळ्या मोडा, बादली तीन-चतुर्थांश भरा, ढवळा आणि दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळ टाकीत, तळाचा चुना बाहेर. टाकी भरत असताना पाण्याच्या धारेत ओतली तर आपोआप मिसळते. भरलेल्या टाकीच्या एका कोपऱ्यात ओतलीत तर एका टोकाला ५ आणि दुसऱ्या टोकाला शून्य. मग अर्धा तास पंप चालू करायचा नाही. क्लोरीनला जंतू मारायला ही ३० मिनिटं लागतात.

पाणी गढूळ असेल तर हे सगळं फुकट. पावसाळ्यात टाकीचा तळ दिसत नसेल तर आधी गाळ बसू द्या किंवा तुरटी फिरवा, मग क्लोरीन. मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि क्लोरीन मातीतच खर्च होतो.

सोडियम हायपोक्लोराइटचा कॅन आणणार असाल तर ५ टक्क्यांच्या द्रावणात लिटरला ५० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे भरलेल्या टाकीला २.४ लिटर. कॅन उन्हात ठेवला तर काही महिन्यांत जोर निम्म्यावर येतो. कपड्यांचं सुगंधी ब्लीच चालणार नाही. आणि टाकीवाल्यांचं ‘केमिकल’ ॲसिड निघालं तर त्यांना फाटकातूनच परत पाठवा. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद टाकीत माणूस जाईल.

आता मोजणं. औषधांच्या घाऊक दुकानात किंवा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात क्लोरीन तपासायचा संच मिळतो. ग्रामपंचायती ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतात, त्यात पाणी पिवळं होतं. रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा, तो मोकळ्या क्लोरीनचा. पंधरा मिनिटांनी वाचलात तर अमोनियाला चिकटलेला, जवळजवळ निकामी क्लोरीनही त्यात मोजला जातो आणि आकडा फुगतो. लोखंड किंवा नायट्राइट असलेल्या बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतानाही पिवळसर झाक येते. म्हणून जमलं तर डीपीडीचा संच घ्या, त्यात गुलाबी रंग येतो. त्याचीही एक खोड आहे: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर येऊन उडतो आणि वाचणाऱ्याला शून्य वाटतं. शंका आली तर नमुन्यात दहापट क्लोरीन नसलेलं पाणी घालून परत बघा.

मोजायच्या जागा: महापालिकेचं पाणी टाकीत पडतं तिथे, तळटाकी, दोन्ही गच्चीच्या टाक्या, आणि प्रत्येक विंगमधला पंपापासून सगळ्यात लांबचा नळ. शेवटच्या नळाला एरवी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, साथ असताना ०.५. उद्या सकाळी, काहीही न टाकता, हे सगळे आकडे घ्या. सोबत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर फिरवा. टीडीएसवरून जंतू कळत नाहीत, हे सगळ्यांना ओरडून सांगायची वेळ आली आहे. पण कुठल्या पाण्यात कुठलं पाणी मिसळतंय हे त्यावरून छान कळतं.

पाण्याचा नमुनाही क्लोरीन टाकायच्या आधी. राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा पुण्यातच आहे, महापालिकेचे लोकही नमुने घेतात. बाटली त्यांच्याकडूनच घ्या. ती निर्जंतुक असते आणि आत सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, ते क्लोरीन निष्प्रभ करतं. घरची बिसलेरीची बाटली नेलीत तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, बाटली काठोकाठ न भरता वर थोडी मोकळी ठेवा, बर्फाच्या डब्यातून सहा तासांत पोचवा. निकाल यायला दोन दिवस लागतील. क्लोरीन त्यासाठी थांबवायचा नाही, नमुना घेतला की लगेच सुरू.

सेक्रेटरी_७६

धन्यवाद. यादी झाली, आकडेही घेतले.

जुलाब १४: ए विंग १२, बी विंग २. कावीळ ५: पाचही ए विंगमधले, पहिला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. माणसं ए मध्ये १४८, बी मध्ये १३१. दोघांचे रिपोर्ट आहेत, हिपॅटायटिस ई. ए विंगमध्ये एक ताई सातव्या महिन्यात आहेत, त्यांना सध्या काही त्रास नाही.

मोकळा क्लोरीन: महापालिकेचं पाणी ०.५, तळटाकी ०.४, बी गच्ची ०.३, बी शेवटचा नळ ०.२. ए गच्ची शून्य, ए शेवटचा नळ शून्य. टीडीएस: तळटाकी ९०, बी गच्ची ९०, ए गच्ची २६०, बोअर ९००.

ए ची टाकी धुवायची राहिली म्हणून क्लोरीन शून्य का?

पाना_पक्कड

धुवायची राहिली म्हणून टीडीएस ९० वरून २६० होत नाही. ए च्या गच्चीवर बोअरचं पाणी येतंय. हिशेब सोपा आहे: (२६० − ९०) भागिले (९०० − ९०) म्हणजे १७० भागिले ८१०, साधारण २१ टक्के. दहा हजार लिटरच्या टाकीत दोन हजारांहून जास्त लिटर बोअर.

विचारा वॉचमनला किंवा जुन्या प्लंबरला: उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तेव्हा बोअरची लाइन ए च्या टाकीला जोडली होती का? बहुतेक सोसायट्यांत एक टी टाकून मध्ये गेट व्हॉल्व्ह बसवतात आणि पाऊस लागला की चाक फिरवून ‘बंद केलं’ म्हणतात. गेट व्हॉल्व्हच्या बैठकीत बोअरचा एक बारीक खडा अडकला की तो पूर्ण मिटत नाही. फ्लशच्या टाकीचा बॉलकॉक बंद झाला की बोअरपंपाचा सगळा दाब त्याच व्हॉल्व्हवर येतो आणि पाणी पिण्याच्या टाकीत झिरपत राहतं. बाहेरून चाक घट्ट, आतून धार.

खात्री करायला बोअरपंप चालू ठेवा, तळटाकीकडून ए ला जाणारा पंप बंद ठेवा आणि ए टाकीच्या इनलेटला कान लावा किंवा हात धरा. एक थेंबही यायला नको.

सापडलं की व्हॉल्व्ह बदलून भागणार नाही. दोन पाण्यांच्या मध्ये व्हॉल्व्ह हा अडथळा धरायचाच नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसुद्धा नाही, त्याची झडप कचऱ्याने उघडी राहते. हातभर पाइप कापून काढा आणि दोन्ही टोकांना एंड कॅप लावा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जोडायचा मोह झालाच तर डोळ्यांदेखत जोडावं लागेल. फ्लशच्या लाइनला वेगळा रंग द्या, म्हणजे नवीन प्लंबर चुकणार नाही.

बोअरमध्ये मैला कुठून आला तेही बघा. आपल्याकडे खाली काळा पाषाण. वरचा मुरूम आणि दगडातल्या भेगा यांतून ड्रेनेजचं पाणी वाळूसारखं गाळलं न जाता थेट खाली उतरतं. बोअरची केसिंग (तोंडाशी बसवलेला पाइप) पार्किंगच्या फरशीला सपाट कापलेली असेल, वर फाटकं पोतं बांधलेलं असेल आणि दहा फुटांवर ड्रेनेजचा चेंबर असेल, तर जोराच्या पावसात चेंबर तुंबून ते पाणी केसिंगमध्ये जाणारच. केसिंग जमिनीच्या वर निदान दीड फूट हवी, भोवती सिमेंटचा उताराचा ओटा, वर घट्ट कॅप.

तिथे आहातच तर तळटाकीही बघून घ्या. ओव्हरफ्लोचा पाइप थेट ड्रेनेज चेंबरमध्ये सोडलाय का? चेंबर तुंबला की तोच पाइप उलटा वाहतो. तो उघड्यावर संपला पाहिजे, तोंडाला जाळी, आणि खालच्या पाण्यापासून पाइपच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर. महापालिकेच्या इनलेटचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडालेलं नको, नाहीतर पुरवठा बंद झाल्यावर लाइन टाकीतलं पाणी मागे ओढते. आणि महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावून खेचणं हा तर गुन्हाच. पुरवठा दिवसाआड असला की रिकाम्या पाइपात फटींतून गटाराचं पाणी शिरतं, मोटर ते आणखी ओढून घेते.

टाकीच्या भिंतीत गळती आहे का ते एका रात्रीत कळतं. इनलेट बंद, पंप बंद, पातळीला खडूची रेघ, सकाळी बघा. जिथून पाणी बाहेर जातं तिथूनच टाकी रिकामी असताना बाहेरचं आत येतं.

साथशोध

पाना_पक्कड यांच्याशी पूर्ण सहमत, आणि तुमची यादीही तेच म्हणतेय. ए मध्ये १४८ पैकी १२ म्हणजे शंभरात ८, बी मध्ये १३१ पैकी २ म्हणजे शंभरात दीड. दोघांची तळटाकी एक, फरक फक्त गच्चीचा. जोडणी उन्हाळ्यातली असेल तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेली कावीळही त्यात बसते. जुलाब आत्ताच का उसळले याचं उत्तर बहुधा जोरदार पावसात तुंबलेल्या चेंबरमध्ये आहे. बी मधले दोघं ए मध्ये जेवले का, शिकवणीला जातात का, घरातल्या रुग्णाकडून लागण झाली का, तेवढं विचारा. सगळ्या रुग्णांचं स्पष्टीकरण एकाच पाइपात बसलंच पाहिजे असं नसतं.

ए मध्ये क्लोरीन शून्य, त्याचंही कारण हेच. मैल्यातला अमोनिया आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकतात. नुसता डोस वाढवून याच्याशी झुंजू नका, आधी पाइप कापा.

एक इशारा. कॉलिफॉर्मचा (मैल्याची खूण मानल्या जाणाऱ्या जंतूंचा) अहवाल स्वच्छ आला तरी काविळीपुरतं निश्चिंत होऊ नका. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेतून शहराच्या पाण्यात सांडपाणी शिरलं होतं. जलकेंद्राने क्लोरीन वाढवला, त्यामुळे टायफॉइड आणि जंतुजन्य जुलाब वाढले नाहीत. काविळीचे मात्र सुमारे २९,००० रुग्ण झाले. नंतर साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून तो आजार हिपॅटायटिस ई असल्याचं कळलं. विषाणू बॅक्टेरियापेक्षा चिवट असतात, म्हणूनच शेवटच्या नळाला ०.५ आणि तीस मिनिटांचा आग्रह.

त्या ताईंना आजपासून फक्त उकळलेलं पाणी, दात घासायलाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाला तर दगावण्याचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गडद लघवी यातलं काहीही दिसलं तर डोळे पिवळे व्हायची वाट न बघता त्यांच्या डॉक्टरांकडे.

बाकी काविळीच्या रुग्णांना: दारू बंद, पॅरासिटॅमॉल डॉक्टरांना विचारूनच, नाकात किंवा डोळ्यांत थेंब घालून ‘कावीळ उतरवणाऱ्यांकडे’ जायचं नाही. जेवणातली हळद बंद करून काही साधत नाही. गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा रक्तस्राव झाला तर तातडीने हॉस्पिटल.

आरओचं कोडं. आरओ चालू आणि फिल्टर वेळेवर बदललेला असेल तर तो जंतू अडवतो. पण तो क्लोरीनही काढून टाकतो, त्यामुळे त्याच्या साठवण टाकीतल्या पाण्याला पुढे कुठलंच संरक्षण नसतं. आणि माणूस आरओचं पाणी पितो, पण कोथिंबीर, टोमॅटो धुतो नळाखाली, दात घासतो बेसिनवर, बर्फ लावतो नळाच्या पाण्याचा. लहान मुलं अंघोळीच्या वेळी घोट घेतात.

दोन नमुने स्वच्छ येईपर्यंत ए विंगने पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळायचं, त्याच भांड्यात झाकून निवू द्यायचं, आणि ओगराळ्याने किंवा नळाच्या पिंपातून घ्यायचं. पेला बुडवायचा नाही. मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब) वापरणार असाल तर प्रमाण बाटलीवरचं. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये. ग्लासात अर्धं पाकीट, ही सवय लहान मुलांना धोक्याची. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा.

उलटी झालेली जागा: आधी कागदाने टिपून घ्या, मग ५ टक्के हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी नऊ भाग, दहा मिनिटं ओलं राहू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडा. नोरोव्हायरसपुढे अल्कोहोलचं सॅनिटायझर लंगडं पडतं, हात साबणानेच धुवा.

शनिपारकर

५० ग्रॅमचं मागे घेतो. पण आमच्याकडे ग्रुपवर पहिला संशय स्वयंपाकाच्या मावशींवर येतो, त्याचं काय?

साथशोध

मावशी दोन्ही विंगमध्ये काम करतात की एकाच घरात, हे यादीत एक रकाना वाढवून बघा. बारापैकी किती घरांत एकच मावशी आहे? नसेल तर विषय संपला. जिला स्वतःला जुलाब असतील तिने ते थांबल्यावर ४८ तास स्वयंपाक करू नये. हा नियम घरच्या आजीलाही लागू आहे, आणि मावशींना त्या दोन दिवसांचा पगार द्या, नाहीतर त्या आजार लपवून येतील.

निवळी

रविवारचा क्रम लिहून देतो. पाइप कापून झाल्याशिवाय सुरू करू नका.

आधी गच्चीची ए टाकी, मग तळटाकी. तळटाकीत उतरण्याआधी दोन्ही झाकणं तासभर उघडी, पंख्याने हवा आत, सबमर्सिबल पंपाचा विजेचा प्लग काढलेला. आत एकटा माणूस नाही. कमरेला दोर, वर दुसरा माणूस सतत बोलत. गाळ उपसायला पेट्रोलचा पंप टाकीत किंवा तोंडाशी चालवायचा नाही, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद टाकीत साचतो. आतला माणूस कोसळला तर वरचा मागोमाग उडी मारतो आणि दोन्ही जातात. दोर ओढायचा आणि १०१ ला फोन करायचा.

भिंती, कोपरे, शिडीच्या पायऱ्या आणि झाकणाची आतली बाजू नायलॉनच्या ब्रशने घासा. पहिलं पाणी बाहेर. मग १०० लिटरच्या पिंपात ८० ग्रॅम टीसीएलची निवळ, म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि ती ब्रशने भिंतींना लावा. फवारू नका, बंद जागेत तो फवारा थेट फुफ्फुसात जातो. भिंती अर्धा तास ओल्या ठेवा, साध्या पाण्याने धुवा. साठ हजार लिटर पाणी भरून ओतून देण्याची चैन पुण्यात परवडणारी नाही, म्हणून ही पद्धत.

नुसत्या टाक्या धुऊन ए विंगचे पाइप साफ होत नाहीत, आणि हेच बहुतेक जण विसरतात. दोन महिने त्यांतून मैलामिश्रित पाणी वाहिलंय. ए ची गच्चीची टाकी भरा, लिटरला १० मिलिग्रॅमप्रमाणे ४०० ग्रॅमची निवळ घाला. वरच्या मजल्यापासून खाली प्रत्येक घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बंद करा. रिकाम्या, कुलूप लावलेल्या फ्लॅटची चावी आधी मिळवा, तिथला पाइप राहिला तर घाण तिथून परत पसरते. रात्रभर तसंच ठेवा. आदल्या दिवशी घराघरांत सूचना: या काळात नळाचं पाणी वापरायचं नाही, वॉटर प्युरिफायरचा इनलेट बंद, माशांच्या टाकीत हे पाणी नाही, घरी डायलिसिस करणारं कुणी असेल तर आधी त्यांच्या केंद्राशी बोलणं. सकाळी सगळे नळ सोडा आणि क्लोरीन १ च्या खाली येईपर्यंत वाहू द्या. ते पाणी फरशी धुवायला घ्या. आरओचे फिल्टर बदला, त्याची साठवण टाकी धुवा.

नंतर नमुना, आणि २४ तासांनी दुसरा. दोन्हींत १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय शून्य आणि शेवटच्या नळाला क्लोरीन ०.५ असेल तर उकळणं थांबवा.

टँकर आला की पाणी सोडायच्या आधी क्लोरीन मोजा. शून्य असेल तर दहा हजार लिटरला ८० ग्रॅमची निवळ टँकरमध्येच ओता, अर्धा तास थांबवा, मग टाकीत. टँकरचा होज जमिनीवर लोळतो, त्याचं तोंड धुतल्याशिवाय टाकीत सोडायचं नाही. टँकरवाला घाई करेल, करू द्या.

वही पंपघरात दोरीने बांधा. तारीख, वेळ, पाण्याची उंची, टाकलेली टीसीएल, तळटाकी, ए शेवटचा नळ, बी शेवटचा नळ, दोन्ही गच्च्यांचा टीडीएस, सही. ए आणि बी च्या टीडीएसमध्ये पुन्हा फरक दिसला तर त्या दिवशी पहिल्यांदा तो कापलेला पाइप बघायला जा.

सेक्रेटरी_७६

व्हॉल्व्ह सापडला. मे महिन्यात जोडलेला, चाक पूर्ण फिरवलेलं, तरी करंगळीएवढी धार. उद्या सकाळी कापतोय. बोअरची केसिंग फरशीला सपाट आहे, चेंबर आठ फुटांवर. कॅप आणि ओट्यासाठी कुठल्या व्यासाचा तुकडा आणू?

पाना_पक्कड

अंदाजाने आणू नका, केसिंगचा बाहेरचा घेर टेपने मोजा आणि ३.१४ ने भागा, तो बाहेरचा व्यास. त्याच मापाचा पाइप दोन फूट आणि कपलर. पीव्हीसी असेल तर सॉल्व्हंट लावून जोडा, लोखंडी असेल तर वेल्डिंग. ओटा चारही बाजूंनी दोन फूट, बाहेरच्या बाजूला उतार. ओट्याचं काँक्रीट ओतण्याआधी केसिंगच्या भोवतीचा मुरूम हातभर खणून तिथे सिमेंटचा घट्ट गिलावा भरा, नाहीतर वरून चकाचक आणि बाजूने पाणी आत.

हे झाल्यावर बोअरमध्येही टीसीएलची निवळ सोडावी लागेल. केसिंगचा व्यास, बोअरची खोली आणि पाणी किती फुटांवर लागतं ते इथे लिहा, मात्रा काढून देतो.